नकारघंटा नावाची पोपटी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आत्तासुद्धा मी अर्धवट झोपेत आहे. रागावू नका. जिचं सगळं आयुष्य उशांच्या कारखान्यात गेलं, तिच्या डोळ्यांवर झापड असायचीच. आमच्याकडे हवेत सदा कापूस तरंगत असे. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला की त्यात कापसाचे बारीक तंतू वरखाली करत राहायचे. त्यांना कशाची घाई नसे. ते बघत बसलं की माणसांनाही जांभया यायच्या, मग माझी काय कथा! तेव्हा बोलता बोलता मध्येच माझा डोळा लागला तर सांभाळून घ्या.

माझं नाव नकारघंटा. हसलात ना? हसा, हसा. सगळेच हसतात. माझा रंग पोपटी आहे, तोही आता ठिकठिकाणी उडालाय. माझ्या पाठीवर वरच्या बाजूला, अगदी मधोमध, एक जागा आहे. तिथला रंग पार गेलाय आणि आतलं लाकूड गुळगुळीत होऊन चमकतंय. त्या जागेची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे, पण त्याआधी माझ्या जन्मापासून सुरुवात केली पाहिजे. आत्मवृत्त म्हटलं की तशी रीतच असते.

आम्ही आठ बहिणी. एकाच सुताराच्या हातच्या, एकाच झाडाच्या लाकडाच्या. पहिल्या सात जणी देखण्या, ताठ, चारही पायांवर नीट उभ्या. माझी पाळी येईपर्यंत लाकूड संपत आलं. माझे तीन पाय बहिणींसारखे झाले आणि चौथा कुठल्याशा दुसऱ्या फळीचा लागला, किंचित तोकडा. सुताराने मला जमिनीवर ठेवलं आणि मी 'टक्' केलं. त्याने मला पुन्हा ठेवलं, मी पुन्हा 'टक्' केलं. तो मान हलवून म्हणाला, "असू दे. हिला कोपऱ्यात टाका." जन्मल्या जन्मल्या हे ऐकलं मी! सातही बहिणी सभेच्या खोलीत गोल टेबलाभोवती बसल्या आणि मी कोपऱ्यात, डोक्यावर चहाचा ट्रे घेऊन.

कारखाना बाईंचा होता. अगदी सुरुवातीला घरातलीच गादी उसवून त्यांनी पहिल्या उशा भरल्या होत्या, असं जुनी माणसं सांगत. बाई हुशार होत्या, धडाडीच्या होत्या, आणि त्यांना सतत काहीतरी नवीन सुचत असे. एकदा त्यांच्या डोक्यात गोल उशा आल्या. चेंडूसारख्या गोल! बाई रंगून सांगत होत्या आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलत होत्या. विक्रीचं काम बघणारे काका म्हणाले, "वा बाई, काय सुचलंय!" हिशेबनीसांनी त्यांची री ओढली. शिवणकाम सांभाळणाऱ्या मावशीही गोड हसल्या. झालं, कामाला सुरुवात झाली.

गोल उशा दुकानांत गेल्या, दुकानांतून घरांत गेल्या, आणि घराघरांतली माणसं झोपेतून उठून पलंगाखाली उशी शोधू लागली. थोड्याच दिवसांत सगळा माल परत आला. गाडीतून उतरवताना त्या उशा फाटकाबाहेर घरंगळल्या आणि उतारावरून थेट रस्त्याच्या टोकाला पोचल्या. त्यांच्यामागे धावणारे विक्रीकाका मला खिडकीतून दिसत होते. एक उशी पकडली की काखेतली दुसरी सुटायची. मी आयुष्यात एवढी कधी हसले नाही. माझा चौथा पाय तेव्हापासून आणखीच सैल झालाय.

त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना गोल टेबलाशी बोलावलं. "गोल वस्तू घरंगळते, हे तुमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "आलं होतं हो बाई. सगळ्यांच्याच आलं होतं. पण तुम्ही एवढ्या खुशीत होता. तुमचं मन कोण मोडणार?"

मला वाटलं, आता बाई चार गोष्टी ऐकवणार. पण त्या खिडकीतल्या उन्हाकडे, त्यातल्या तंतूंकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे मी सगळे होयबा गोळा करून ठेवलेत. चूक तुमची नाही, माझीच." आणि त्यांची नजर कोपऱ्यात माझ्यावर आली. त्यांनी माझ्या डोक्यावरचा चहाचा ट्रे उचलला आणि मला ओढत टेबलाशी आणलं.

"या खुर्चीत जो बसेल त्याचं काम एकच," बाई म्हणाल्या. "समोरचा बेत कुठे आणि कसा फसेल ते सांगायचं. बेत माझा असला तरी. माझा असला तर जास्तच!"

"आणि मग तुम्ही मनात धरलंत तर?" हिशेबनीसांनी घाबरत विचारलं.

"नाही धरणार. खुर्चीवरचं खुर्चीवर. माणूस उठला की आपण विसरलो."

कारखान्याच्या फाटकाला लावून उरलेला पोपटी रंग माझ्या अंगाला लागला, म्हणजे मी बहिणींत लांबूनही ओळखू येईन. नकारघंटा हे नाव विक्रीकाकांचं. कोपऱ्यातली मी मानाची झाले, मित्रांनो. केवढी मिजास चढली मला!

त्या खोलीत मी एकटीच नव्हते बरं का. बाईंनी विचार करायची आणखीही साधनं जमवली. भिंतीवर एक काळा फळा आला. त्याच्या माथ्यावर बाईंनी स्वतः लिहिलं, 'घोडं कुठे पेंड खातंय?' काही बिघडलं की फळ्यावर लिहायचं आणि त्याखाली 'का?' विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का?' विचारायचं, अगदी मुळाशी पोचेपर्यंत. एकदा उशांच्या शिवणी उसवत होत्या. का? दोरा तुटतो. का? दोरा उन्हाने कडक झालाय. का? तो खिडकीत ठेवतात. का? कपाटात जागा नाही. का? कपाटात गोल उशा कोंबल्यात! त्या दिवशी फळ्यालाही हसू आवरेना. त्याच्यावरची खडूची भुकटी कितीतरी वेळ खाली पडत होती.

टेबलावर वाळूचं एक घड्याळ होतं. प्रत्येकाला बोलायला वाळू सरेपर्यंत वेळ मिळे, मोठ्यालाही तेवढाच आणि छोट्यालाही तेवढाच. ते घड्याळ आणि मी, दोघं फार झोपाळू. दुपारच्या वेळी त्याची वाळू सरसर खाली यायची आणि मला वाटायचं, कुठेतरी दूर पाऊल न वाजवता कुणीतरी चाललंय.

आता माझ्या अंगातली एक कला सांगते. माणूस काय बोलतो ते सगळंच मला कळत नाही, पण तो कसा बसतो ते मला बरोबर कळतं. जो नुसतं काम म्हणून विरोध करतो तो पाठ टेकून बसतो, ऐसपैस. तो हातवारे करतो, एक पाय हलवतो, आणि माझं टक् टक् चालू राहतं. पण ज्याला मनापासून काही सांगायचं असतं तो माझ्या अगदी कडेवर येतो. गुडघे जुळवतो, पुढे वाकतो. तेव्हा माझा चौथा पाय अधांतरी राहतो आणि माझा आवाज पूर्ण बंद होतो.

दिवस चालले होते. मग बाई गेल्या. सभेच्या खोलीचं दार बरेच दिवस बंद राहिलं आणि टेबलावर कापसाचा पातळ थर बसला. मला आठवतं, त्या थरावर एकदा पाखराची पावलं उमटली होती. की ते स्वप्न होतं? असेल. दार उघडलं तेव्हा बाईंची मोठी मुलगी आत आली. तिला सगळे ताई म्हणत. शिक्षण नुकतंच संपलेलं, अंगावर आईची शाल, आणि कडेवर धाकटा भाऊ.

त्या भावाला सगळे ढग म्हणायचे, कारण त्याच्या केसांत कायम कापूस असायचा. ताई सभा घ्यायची आणि हा शेजारी उशांच्या ढिगात झोपायचा. बोलता बोलता ताई मधूनच हात लांब करून त्याचं कपाळ चाचपायची. लहानपणी त्याला वरचेवर ताप यायचा. कपाळ गार लागलं की ताईचा जीव भांड्यात पडायचा आणि ती पुढचं वाक्य बोलायची. त्याला तिनेच वाढवलं. आई म्हणून आणि बहीण म्हणूनही.

ढग मोठा झाला. ताईने कापसाचं गोदाम त्याच्या हाती दिलं. त्याला खरं तर काय हवं होतं, कुणास ठाऊक! त्याने कधी सांगितलंच नाही. ताईने पुढे केलेला सदरा तो घालायचा. ताई म्हणाली बस की बसायचा. तिच्यापुढे त्याच्या तोंडून ब्र निघत नसे. घाबरून नाही हं. मायेपोटी. जिने आपल्यासाठी स्वतःची हौसमौज बाजूला ठेवली, तिला 'नाही' कसं म्हणायचं, हे त्याला कळत नसे.

पण माझ्यावर बसला की मात्र त्याला कंठ फुटायचा! तिथे 'नाही' म्हणणं हे कामच होतं ना. ताईने एकदा सगळ्या अभ्र्यांना हळदीसारखा पिवळा रंग द्यायचं ठरवलं. ढग माझ्यावर रेलून, डोळे अर्धे मिटून म्हणाला, "कल्पना करा. सकाळ झालीय. नवरा उठतो, बायकोकडे बघतो. बायको नवऱ्याकडे बघते. उशीचा रंग दोघांच्या गालांवर पडलाय. दोघंही एकदमच डॉक्टरकडे धावतात, काविळीचं औषध मागायला." सगळी खोली हसून हसून लोळली. पिवळा बेत बारगळला.

हळूहळू लोक त्याला ऐकायलाच सभेला येऊ लागले. विक्रीकाका माझ्यावर बसले तर नकला करायचे. हिशेबनीस बसले तर टेबलावर मूठ आपटायचे आणि उठल्यावर लाजून हसायचे. बोलणं संपलं की टाळ्या पडायच्या. मग ताई म्हणायची, "खुर्चीवरचं खुर्चीवर!" आणि सगळे आनंदाने पांगायचे. मलाही मजा वाटत होती. बाईंनी मला कशासाठी टेबलाशी ओढून आणलं होतं, ते मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

अशात एका मोठ्या नव्या इस्पितळाचं काम आलं. थंडी सुरू व्हायच्या आत तिथल्या सगळ्या खाटांना उशा हव्या होत्या. कापूस यायचा तो ओलसर, आणि आकाश तर बहुतेक दिवस ढगाळ. गच्चीवर पसरलेला कापूस सुकेना. ताईने तोडगा काढला. गोदामाच्या भिंतीला लागून वाळवणीची भट्टी बांधायची, म्हणजे सुकलेला कापूस भिंतीतल्या झडपेतून सरळ गोदामात पडेल. मध्ये उचलाउचल नको. कागदावर तो बेत सुरेख दिसत होता. फळ्यावर फायदे लिहिता लिहिता खडू संपला.

"आता नकारघंटा," ताई म्हणाली. "ढगा, ये बाबा. होऊन जाऊ दे."

ढग आला आणि माझ्यावर बसला. मित्रांनो, मी डुलकीतून खाडकन जागी झाले. तो माझ्या कडेवर बसला होता. माझा चौथा पाय अधांतरी होता. त्याने गुडघे जुळवले होते आणि तो पुढे वाकला होता.

"त्या भिंतीला आतून गासड्या लावलेल्या असतात," तो म्हणाला. गासडी म्हणजे दाबून बांधलेला कापसाचा मोठा गठ्ठा. "भिंत तापली की गासडीही तापेल. आणि कापूस काही लगेच भडकत नाही, ताई. तो आतल्या आत जळत जातो. वरून बघावं तर पांढराशुभ्र, काही झालंच नाही असा. धूर नाही, वास नाही. आत मात्र काळा होत असतो. आणि जेव्हा कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गोदामाच्या पलीकडे शिवणाची मोठी खोली आहे. मावशी तिथे बसतात. सगळ्याजणी तिथे बसतात. त्या खोलीचं आणि गोदामाचं छप्पर एकच आहे."

त्याचा आवाज इतका हळू होता की वाळू पडताना ऐकू येत होती. तो थांबला. आणि मग टाळ्या! अहो, केवढ्या टाळ्या! मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "अंगावर काटा आला रे," त्या म्हणाल्या. विक्रीकाका म्हणाले, "आजवरचा सगळ्यात भारी विरोध." ताईने उठून त्याचे गाल ओढले. "कसं बोलतोस रे! खरंच वाटलं मला." मग ती बाकीच्यांकडे वळली. "चला, खुर्चीवरचं खुर्चीवर. भट्टी बांधायला घ्या."

सगळे गेले. ढग तसाच माझ्या कडेवर बसून राहिला. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर गेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हा नाटक करत नव्हता, माझ्या पायाला विचारा! पण खुर्चीच्या तोंडी फक्त टक् असतं, आणि तेही त्या वेळी निघत नव्हतं.

भट्टी उभी राहिली आणि पेटली. कापूस छान सुकू लागला. सगळे खूश होते. ताईचं हसणं अंगणापर्यंत ऐकू यायचं. मग एका सकाळी ती सभेच्या खोलीत बाकीच्यांबरोबर इस्पितळाच्या कामाचं बोलत होती आणि ढग दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला, केसांत नेहमीसारखा कापूस.

"ताई, ती भट्टी बंद कर. भिंतीकडची एक गासडी मला कोमट लागली."

"अरे, अजून तेच?" ताई हसली. "झालं ना तुझं बोलून सभेत? किती सुंदर बोललास."

"मी आत्ता खरंच सांगतोय."

"तेच तर! तू नेहमी खरंच वाटेल असं सांगतोस." हिशेबनीस हसले. विक्रीकाकांनी हळूच टाळी वाजवली.

ढगाने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला त्याच्या डोळ्यांत काहीतरी ठरताना दिसलं. तो सरळ माझ्याजवळ आला, त्याने मला पाठीला धरून उचललं आणि खोलीबाहेर नेलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उन्हात आले! डोळे दिपले माझे. त्याने मला अंगणाच्या मधोमध ठेवलं, खिडकीतून दिसेन अशी, आणि तो परत आत गेला. त्याचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. तो आता हळू नव्हता.

"ताई, ती बघ खुर्ची. ती तिकडे आहे. मी इथे उभा आहे. आता मी नकारघंटा नाही, तुझा भाऊ आहे. आणि मी तुला 'नाही' म्हणतोय. ही भट्टी नको. आत्ताच्या आत्ता बंद कर. तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल, पण त्या बायका तिथून बाहेर यायला हव्यात."

आत कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. मी अंगणात एकटी उभी होते आणि कापसाचे तंतू माझ्यावर हलकेच उतरत होते. माझ्या छातीत, म्हणजे जिथे खुर्चीला छाती असते तिथे, धडधडत होतं. मग ताईचा आवाज आला, अगदी वेगळा. "काका, भट्टी विझवायला सांगा. मावशी, सगळ्यांना बाहेर काढा. चल, मला दाखव."

ती दोघं माझ्या समोरूनच गोदामात गेली. दार उघडं होतं. ताईने भिंतीकडच्या गासडीच्या दोऱ्या सैल केल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी तिचा चेहरा पाहिला. लहानपणी ढगाचं कपाळ चाचपताना तिचा जसा चेहरा व्हायचा, तस्साच.

"हिला ताप आहे," ती म्हणाली.

मग जी पळापळ झाली! जो तो गासड्या ओढत अंगणात आणू लागला. हिशेबनीसांनी बाह्या सरसावल्या, विक्रीकाकांनी पाण्याच्या बादल्यांची रांग लावली. भिंतीकडची ती गासडी माझ्या शेजारीच आणून उघडली. वरून पांढरीशुभ्र होती, मित्रांनो. आतून काळी. आणि त्या काळ्याच्या मधोमध एक लाल ठिपका हळूच उघडझाप करत होता. वारा लागताच तो मोठा झाला. तेवढ्यात त्यावर बादली पडली आणि चुर्र आवाज झाला. पलीकडे शिवणाच्या खोलीतल्या सगळ्याजणी हातातली कामं तशीच धरून अंगणात उभ्या होत्या. कुणाच्या हातात अर्धी शिवलेली उशी, कुणाच्या दातांत दोरा.

कुणालाही काही झालं नाही. भट्टी गार झाली, नंतर ती अंगणाच्या पार टोकाला हलवली. उशांना उशीर होणार होता. ताईने इस्पितळात स्वतः जाऊन तसं सांगितलं आणि तिथले लोक थांबायला तयार झाले.

पण त्या दिवशी सगळे पांगल्यावर ताई अंगणात आली आणि माझ्यावर बसली. ती माझ्यावर कधीच बसली नव्हती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ढग माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, त्याच त्या जागेवर.

"तू मला सांगत होतास आणि मी टाळ्या वाजवत होते," ताई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही. "आईने ही खुर्ची ठेवली ती लोकांनी न घाबरता बोलावं म्हणून. आणि मी असं केलं की खुर्चीवर बोललेलं कुणाचंच नसतं."

मग ताईने नाक पुसत विचारलं, "खरं सांग. आजवर आणखी किती वेळा तुला नाही म्हणायचं होतं?"

"सगळ्या वेळा सांगू की निवडक?"

"सगळ्या."

"मला दुधावरची साय आवडत नाही, ताई. लहानपणापासून."

ताई रडता रडता हसायला लागली. "अरे गाढवा! आणि मी रोज तुझ्या वाटीत माझी पण घालायची!" ती दोघं हसत होती आणि माझा चौथा पाय अंगणाच्या फरशीवर टक् टक् वाजत होता. एवढं गोड टक् टक् मी पुन्हा केलं नाही.

तेव्हापासून एक नवा नियम झाला. वाळू सरली, विरोध करून झाला, की त्या माणसाने उठायचं. माझ्या मागे येऊन उभं राहायचं, माझ्या पाठीवर हात ठेवायचा, आणि स्वतःच्या मनातलं सांगायचं. कुणी म्हणे, "आत्ता बोललो ते काम म्हणून बोललो. बेत मला आवडलाय." कुणी हात ठेवून नुसतंच उभं राही, आणि मग हळूच म्हणे, "हे मात्र मला खरंच वाटतं." तेव्हा ताई लगेच काही बोलायची नाही. टाळ्या तर कुणीच वाजवायचं नाही. हात ठेवून ठेवून तिथला रंग झिजला. माझ्या अंगावर सर्वांत आधी म्हातारी झालेली जागा तीच.

पुढची वर्षं मला धुक्यातून दिसतात. कारखाना वाढला. काचेच्या भिंतींची नवी सभेची खोली झाली. तिथल्या खुर्च्यांना चाकं आहेत. बाहेरून सल्लागार येतात, रंगीत कागदांचे चौकोन भिंतीवर चिकटवतात, पडद्यावर बाण आणि वर्तुळं फिरतात. ती साधनंही चांगली असतील, मी नावं ठेवत नाही. माझ्या सातही बहिणी कुठे कुठे गेल्या. फळा माळ्यावर गेला, वाळूचं घड्याळ कुणाच्या तरी कपाटात झोपलंय. मी फाटकाजवळच्या ओसरीत आले. पहारेकरी माझ्यावर डबा ठेवतो. दुपारी एक मांजर येऊन निजते. तिच्या घुरघुरण्याने माझं लाकूड गुदगुल्या झाल्यासारखं थरथरतं आणि मग आम्ही दोघी झोपून जातो. झोपेत कधीकधी गोल उशा दिसतात, उतारावरून घरंगळत जाणाऱ्या.

परवा मात्र मला जाग आली ती रंगाच्या वासाने. आता कारखाना ताईची लेक चालवते. तिने जुनं सामान नव्याने रंगवायला काढलंय. रंगारी माझ्यासमोर उकिडवा बसला होता. ओसरीच्या पायरीवर ताई आणि ढग बसले होते. ताईला चष्मा लागलाय. ढगाच्या डोक्यावर आता पिकलेले केस कुठले आणि कापूस कुठला, ते कळत नाही.

रंगाऱ्याने माझ्या पाठीवरच्या त्या जागेवरून बोट फिरवलं. "इथला रंग गेलाय," तो लेकीला म्हणाला. "दोन हात मारतो, नव्यासारखी होईल बघा."

"मारा की," लेक म्हणाली.

"नाही," ढग म्हणाला.

बसल्या जागेवरून म्हणाला. खुर्ची नाही, वाळू नाही, काही नाही. आवाजही चढवला नाही. रंगाऱ्याचा हात थांबला. लेकीने मामाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. ताईने तिला काही सांगितलं नाही. लेक पायरीपाशी आली, मामासमोर बसली आणि तिने विचारलं, "मनापासून, मामा?"

"मनापासून," ढग म्हणाला.

रंगाऱ्याने ब्रश डब्यात ठेवला आणि तो फडका घेऊन माझे पाय पुसू लागला. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मित्रांनो, माझी झोप आता परत येते आहे, म्हणून पटकन सांगते. तुमच्या घरात पोपटी खुर्ची नसेल. पण घरातलं, वर्गातलं कुणीतरी कधीतरी तुम्हाला हळू आवाजात 'नाही' म्हणेल. ते छान बोललं म्हणून टाळ्या वाजवू नका, आणि ते नेहमी गप्प असतं म्हणून हसूही नका. त्याच्यासमोर बसा आणि विचारा, मनापासून? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनाही जपा. आम्हाला पुसा, डागडुजी करा, हवं तर रंगवा. माझा चौथा पाय नीट केलात तरी माझी हरकत नाही. फक्त पाठीवरची ती हाताएवढी जागा तेवढी सोडा.